समोर कोण आहे, ते आधी ठरवा: नाट्यवर्गात एकट्यानं बोलताना

"बाई, ह्यात रडायचं कुठं?"

एकट्यानं सादर करायचा उतारा हातात पडला की नाट्यवर्गातल्या नव्या मुलांचा पहिला प्रश्न हमखास हाच. काही जण तर पेन्सिलीनं खुणा करून आणतात, इथं हुंदका, इथं गुडघ्यावर बसायचं. मी खुणा खोडायला लावते आणि उलटा प्रश्न विचारते: समोर कोण आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "प्रेक्षक." मग आमचं काम तिथूनच सुरू होतं.

मी कोल्हापुरात शाळेत मराठी शिकवते आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नाट्यवर्ग घेते. बाकं भिंतीला लावायची, पंखा चालू ठेवायचा, फळ्यापुढची जागा म्हणजे रंगमंच. पडदा नाही, लाइट नाहीत. इथं जमलेलं पोर स्पर्धेच्या स्टेजवरही उभं राहतं. म्हणून पुढचं सगळं वर्गखोली डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

उतारा कुठला घ्यायचा

एकट्यानं बोलण्याचे आपल्याकडं दोन-तीन प्रकार आहेत आणि मुलं त्यांची खिचडी करतात. नाटकातलं पात्र स्वतःशी बोलतं ते स्वगत. एकच नट अख्खा प्रयोग करतो, कधी दहा माणसं एकटाच होतो, ते एकपात्री. आणि नाट्यछटेत बोलणारा एकच असतो, पण तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतो. त्या दुसऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पहिल्याच्या बोलण्यावरून कळतं. मराठीत हा प्रकार दिवाकर या लेखकानं 1911 पासून रुजवला. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या कवितांवरून त्यांना तो सुचला. शाळकरी मुलांनी सुरुवात नाट्यछटेच्या वळणाच्या उताऱ्यानं करावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथं समोर माणूस असतोच, तो टाळता येत नाही. स्वगत ऐकायला सोपं वाटतं, पण स्वतःशी बोलणारं पात्रसुद्धा स्वतःला काहीतरी पटवत असतं, आणि हे चौदाव्या वर्षी उमगायला जरा जड जातं.

दरवर्षी कुणीतरी घर मागत फिरणारा म्हातारा नट होऊन येतं. आवाज घोगरा, पाठीत बाक, हात थरथरतोय. दुसरं कुणी ऐतिहासिक उतारा घेऊन तलवार उपसतं आणि पहिल्या वाक्यालाच पट्टी इतकी वर लावतं की पुढं चढायला जागाच उरत नाही. उतारे थोर आहेत, पण ऐकणाऱ्याच्या कानात मोठ्या नटांचे आवाज आधीच बसलेत. तुम्ही करता ती त्यांची नक्कल. आपल्या वयाचं, नाहीतर आपल्या घरात रोज दिसणाऱ्या माणसाचं काहीतरी घ्या. वेळ तीन मिनिटांची असेल तर अडीचशे शब्द पुष्कळ झाले. थांबण्यालाही वेळ लागतो, हे मुलं धरतच नाहीत.

एक तुकडा देते. वर्गासाठी मीच लिहिलाय, कुणीही वापरा. काळ 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. नदीकाठच्या एका गावात चौदा वर्षांची मुलगी गोठ्यात चंद्री म्हशीपुढं उभी आहे, बाहेर बोट लागलीय.

"उठ गं चंद्रे. उठ की. पाणी उंबऱ्याला लागलंय, दिसंना व्हय तुला? … नगं बघूस तसं माझ्याकडं. बोटीत जागा न्हाई. माणसंच तेवढी घ्यायची म्हणालेत. बाबा म्हणालं, दावं सोड आन् ये. सोडतोय बघ. … आलो ओ! आलो म्हटलं न्हवं, दोनच मिनिटं! … चंद्रे, शाळंकडं जा. चढानं जा. रोज मळ्याकडं जातीस तसं नगं, उलट्या अंगानं. तिकडं पाणी चढत न्हाई, आजी म्हणत्या. … गेल्या दिवाळीत पाव्हण्यांनी इकत मागितलेली तुला. मीच रडून ठिवून घेतली. इकली असती तर आज कागलात कोरड्या गोठ्यात असतीस. … जा की गं. हात नगं चाटू. जा."

वाचायला मिनिटभर लागतं. करायला दोन तरी लागावीत.

म्हैस कुठं आहे

इथं समोर कोण? चंद्री. पण ती एकटी नाही. बोटीतूनही कुणीतरी हाका मारतंय. म्हणजे ऐकणारे दोन, एक हाताच्या अंतरावर आणि एक लांब. दोघांच्या जागा खडूनं ठरवा. मुलं म्हशीला डावीकडच्या भिंतीला बांधतात आणि मग आम्हाला सगळा वेळ त्यांचा कान दिसतो. म्हैस तुमच्या आणि पहिल्या बाकाच्या मधे, जरा उजवीकडं ठेवा. तुमचा पाऊण चेहरा वर्गाकडं राहील. बोट दाराकडं, शेवटच्या बाकाच्याही मागं.

आता उंची. मुलगी "उठ" म्हणतेय, म्हणजे म्हैस बसलीय. नजर गुडघ्याच्या पातळीला हवी. मग ती उठते कधी? उताऱ्यात लिहिलेलं नाही, तुम्ही ठरवायचंय. मला विचाराल तर "सोडतोय बघ" नंतर, दावं सुटल्यावर. त्या क्षणी नजर गुडघ्यापासून छातीपर्यंत सावकाश वर येऊ द्या, हातानं काही दाखवू नका. वर्गातली मुलं म्हैस उठताना बघतात, अगदी बघतात. आणि एकदा ती उभी राहिली की शेवटपर्यंत उभीच. मधेच नजर परत गुडघ्यावर गेली की म्हैस विरघळते. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लागली की पैलवान समोरच्यावरची नजर काढत नाही. तेवढं घट्ट धरा.

प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं का, हे नेहमी विचारतात. पात्र खरोखर लोकांशी बोलत असेल, सरपंच गावसभेत बोलतोय, तर जरूर बघा. नाहीतर नको. पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीशी नजरानजर झाली की ती हसते, मग तुम्ही हसता, आणि पूर ओसरतो.

भावना लिहू नका, क्रियापद लिहा

उताऱ्याच्या कडेला मुलं "दुःखानं", "काळजीनं" असं लिहितात. त्यानं काहीच होत नाही, कारण दुःख ही करायची गोष्ट नाही. प्रत्येक तुकड्यापुढं एक क्रियापद लिहा, समोरच्यावर काय करायचंय ते. चंद्रीच्या उताऱ्यात वर्गानं काढलेली क्रियापदं अशी: उठवते, सबब सांगते, बोटवाल्याला टोलवते, वाट समजावते, कबुली देते, हाकलते. सहा कामं, सहा निरनिराळे आवाज, आणि ते मुद्दाम काढावे लागत नाहीत. "जा" हा शब्द हाकलायला वापरलात की तो जसा यायचा तसा येतो. "दुःखानं जा" म्हणायला गेलात तर सुरात रडगाणं येतं.

त्यातली कबुली नीट बघा. म्हैस विकली असती तर वाचली असती, हे मुलीला आत्ता बोलता बोलता सुचलंय. घरून पाठ करून आणलेलं नाही. त्यामुळं "पाव्हण्यांनी इकत मागितलेली" हे वाक्य सुरू करताना त्याचा शेवट तुम्हाला माहीत नाही असं बोलायचं. अख्ख्या उताऱ्यातली ही सगळ्यांत अवघड जागा. इथं मी मुलांना बोलूच देत नाही. आधी नुसतं दावं हातात गुंडाळत उभं राहायला लावते, आणि वाक्य आपोआप तोंडात आलं तर बोल म्हणते. काहींना येतं. काहींना दुसऱ्या शनिवारी येतं.

वर उताऱ्यात जिथं जिथं तीन टिंबं आहेत, तिथं समोरच्यानं काहीतरी केलंय किंवा म्हटलंय. ते वहीत पूर्ण वाक्यात लिहून काढा. "नगं बघूस तसं" च्या आधी चंद्रीनं मान वळवून बघितलं. "आलो ओ!" च्या आधी बोटवाला ओरडला, "ए पोरी, येतीस का न्हाई?" सादर करताना हे वाक्य मनात पूर्ण ऐकायचं आणि मगच बोलायचं. थांबायचं किती, हा प्रश्न मग उरत नाही. समोरच्याचं वाक्य जेवढं, तेवढा पॉझ. मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजणारी मुलं मला लांबून ओळखू येतात. ओठ हलतात त्यांचे.

पाठांतर

चालीसकट पाठ करू नका. पहिल्या दिवशी जी चाल बसते ती वर्षभर निघत नाही. सुरुवातीला अगदी कोरडं, यादी वाचल्यासारखं म्हणा. भांडी घासताना, शाळेला चालत येताना, बसमध्ये पुटपुटत. ओळीवर ओळ न घोकता कामावर काम लक्षात ठेवा: आधी उठवते, मग सबब, मग बोट. शब्द विसरला तरी काम विसरत नाही, आणि काम आठवलं की शब्द मागून येतात. शेवटचा तुकडा आधी पाठ करा, म्हणजे शेवटाकडं जाताना पाय भक्कम होत जातात. बहुतेकांचं उलट असतं, सुरुवात तोंडपाठ आणि शेवट चाचपडत.

आरशासमोर बसू नका. मोबाइलवर चित्रीकरण करूनही स्वतःला बघू नका. चेहरा सुधारायच्या नादाला लागता. फक्त आवाज रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका.

शेवटच्या बाकापर्यंत

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि मुलं गिळतात ते नेमकं शेवटचंच. "बोटीत जागा न्हाई" मधला "न्हाई" श्वास संपल्यामुळं विरला तर ऐकणाऱ्याला वाटतं बोटीत जागा आहे. सगळा उताराच उलटा झाला की! त्यामुळं आवाज वाढवण्याआधी शेवट पोचवायला शिका. वाक्याच्या मध्यावर नव्हे, आधी श्वास घ्या, पोट फुगू दे, खांदे वर जाऊ देऊ नका. मग वाक्यातला शेवटचा शब्द शेवटच्या बाकावरच्या माणसाला द्यायचाय असं समजून बोला.

वर्गात आम्ही एकाला मागच्या भिंतीला पाठ लावून उभं करतो. शब्द ऐकू आला नाही की त्यानं हात वर करायचा, बोलायचं नाही. पंखा पाचवर. बाहेर रिक्षा वाजत असतात, त्या वाजू देत. हात वर गेला तरी बोलणाऱ्यानं थांबायचं नाही, पुढच्या वाक्याला सावरायचं. जोर म्हणजे ओरडणं नव्हे, हे तिथं आपोआप कळतं, कारण ओरडलेली वाक्यं सगळ्यांत आधी अस्पष्ट होतात. फक्त "आलो ओ!" एवढंच ओरडायचं आणि तेही बोटीकडं. लगेच "चंद्रे" म्हणताना आवाज हाताच्या अंतरावर आणायचा, पण शेवटच्या बाकाला ऐकू गेला पाहिजे. हे जमायला वेळ लागतो. रोज थोडं करा.

माइक का नाही, म्हणून मुलं कुरकुरतात. मी त्यांना पॅलेस थिएटरची गोष्ट सांगते. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधवून घेतलेलं हे नाट्यगृह 1915 साली सुरू झालं. पुढं त्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. तेव्हा माइक कुठला! नटाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वतःच्या छातीवर जायचा. 8 ऑगस्ट 2024 ला तिथं आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्या वर्गातल्या काही मुलांनी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथंच बघितलेलं. त्या शनिवारी कुणी उतारा केला नाही, नुसतं बोलत बसलो.

बोली

चंद्रीची मालकीण मुलगी आहे आणि "सोडतोय", "आलो" म्हणते. कोल्हापूर भागातल्या बायका असंच बोलतात. घरात मीही "येतो, जातो" म्हणते आणि वर्गात आल्यावर "येते, जाते" होते. बाहेरगावचा परीक्षक कधी कधी हे चूक समजतो. समजू दे. पात्र गोठ्यात आहे, ते प्रमाण भाषा बोलणार नाही.

पण उलटा धोका मोठा आहे. टीव्हीवरच्या मालिकांतून एक नकली कोल्हापुरी आलीय, प्रत्येक वाक्याला "रांगडा" हेल आणि मधे मधे "नाद खुळा". गावाकडचं पात्र म्हणजे विनोदी पात्र, असं मुलांच्या डोक्यात त्यातून बसतं, आणि "उठ की" ला वर्ग हसतो. ह्यावर उपाय एकच. आपल्या आजीचं, शेजारच्या काकूंचं बोलणं कान देऊन ऐका. त्या हेल काढत नाहीत, नुसतं बोलतात. आणि तुमच्या घरात प्रमाण मराठी बोलत असतील तर बोलीतला उतारा घ्यायलाच हवा असं नाही. चंद्रीचा तुकडा प्रमाण भाषेत करून बघा, चालतो. उसनी बोली मात्र चालत नाही.

हात आणि दावं

हातांचं काय करायचं, हा रडण्याखालोखालचा प्रश्न. हाताला काम द्या. ह्या उताऱ्यात दावं आहे, तर खरं दावं आणा, घरी नसेल तर सुती दोरी. गाठ खरोखर मारा, खुर्चीच्या पायाला. ओली गाठ लवकर सुटत नाही, म्हणून आधी दोरी भिजवा. मुलगी बोलता बोलता गाठीशी झटतेय, नखं लागतायत, हे करावं लागत नाही, होतंच. शब्दांवरचं अर्धं ओझं उतरतं.

वस्तू एकच. म्हशीचं शेण, पावसाचा आवाज मोबाइलवर, डोक्यावर पोतं, असं सगळं आणलंत तर आम्ही वस्तू मोजत बसतो. शाळेचा गणवेश चालतो. ओढणी कमरेला खोचली की पुरे. पाय मात्र दोन्ही जमिनीवर टेकलेले असू देत. एका पायावर भार टाकून डुलणं ही सगळ्यांची खोड. उत्तर सोपं आहे: बूट काढा.

आणि आता रडणं. खऱ्या पुरात त्या मुलीला रडायला वेळ नाही. बोट थांबलीय, गाठ सुटत नाही, म्हैस हलत नाही. ती रडू येऊ नये म्हणून धडपडतेय. तुम्ही दाबा, ऐकणाऱ्यांचं येतं. उलट तुमच्या गालावर पाणी आलं की वर्ग तुमच्या पाण्याकडं बघतो आणि म्हैस विसरतो. डोळे आपसूक भरले तर पुसू नका, तसंच बोलत राहा. ठरवून भरू नका, एवढंच.

त्या दिवशी

"नमस्कार, माझं नाव अमुक, मी सादर करत आहे" हे म्हणावं लागतं, म्हणा. स्वतःच्या आवाजात, स्वच्छ, हसऱ्या चेहऱ्यानं. मग पाठ फिरवा, जागेवर जा, दावं हातात घ्या, एक श्वास. आधी म्हैस दिसू द्या, मगच "उठ गं". घोषणेच्या शेपटीलाच पहिलं वाक्य जोडू नका, निम्मी मुलं तेच करतात.

अडलात तर माफी मागू नका, छताकडं बघू नका, जीभ चावू नका. म्हशीकडं बघा. गाठ ओढा. तिला परत "उठ की" म्हणा, ती काही तक्रार करत नाही. पहिल्या बाकावर उतारा घेऊन बसलेल्या मैत्रिणीनं अशा वेळी अख्खं वाक्य न सांगता फक्त पहिला शब्द द्यायचा, तोही तुम्ही तिच्याकडं बघितलंत तरच. थांबलात की सगळ्यांना चुकलंय असंच वाटतं असं नाही. बऱ्याचदा तो तुमचा सगळ्यांत चांगला पॉझ असतो.

शेवटच्या "जा" नंतर लगेच कमरेत वाकून नमस्कार करू नका. म्हैस जाताना बघा. ती किती लांब जाते ते तुमच्या नजरेनं ठरवा, मग दावं खाली सोडा आणि जा.

झाल्यावर वर्गाला "कसं झालं?" विचारू नका. "भारी झालं" ह्यापलीकडं काही हाती लागत नाही. प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन उत्तरं लिहायला सांगा: समोर कोण होतं, आणि बोलणारीला त्याच्याकडून काय हवं होतं. नावं घालायची नाहीत. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत "म्हैस" आणि "निघून जावी" असं आलं तर आवाजाचं, हातांचं काम पुढच्या शनिवारी करू. चिठ्ठ्यांत "कुत्रा", "लहान भाऊ", "माहीत नाही" असं निघालं तर खडू घ्या, आणि म्हैस कुठं बांधायची तिथून परत सुरू करा.